गिअर, पेट्रोल आणि घरचा हिशेब : प्रस्तावना

लामत्यात चारचाकी घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" रंग, सीट, स्क्रीन वगैरे नंतर. गेल्या काही वर्षांत त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे : "गिअरची घ्यायची की बिनागिअरची?" त्यावर घरातलं वडीलधारं माणूस हमखास सांगतं, "ऑटोमॅटिक पेट्रोल पिते, आपल्याला नाही परवडायची." शोरूममधला मुलगा बरोबर उलटं सांगतो. त्याच्या हातातल्या कागदावर ऑटोमॅटिकचं मायलेज गिअरच्या गाडीपेक्षा जास्त छापलेलं असतं. दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघांच्याही बोलण्यावर विसंबून आठ-दहा लाखांचा व्यवहार करू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढची पानं त्यासाठीच लिहिली आहेत.

हे लिखाण मराठीत आणि लामत्याला धरून का, तेही सांगतो. लामता मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तोवर या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. राजधानी भोपाळला गेली, पण सोयरिकी, मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता यांसाठी माणसं अजून गोंदिया-नागपूरचीच वाट धरतात, म्हणून मराठी. पूर्वी या वाटेवर सातपुड्याची छोटी रेल्वे होती. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेज पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं. मधल्या वर्षांत बस, जीप आणि ज्याला जमली त्याची स्वतःची गाडी एवढाच आधार होता. त्या काळात घरात आलेल्या गाड्या आता बदलायला झाल्या आहेत, म्हणून हा प्रश्न आज घराघरात आहे.

पेट्रोलचा भाव या भागाला जास्त बोचतो. मध्य प्रदेशात पेट्रोलवरचा कर चढा, त्यात जिल्हा राज्याच्या टोकाला. २०२१ च्या ऑक्टोबरात बालाघाट जिल्ह्यात लिटरला १२० रुपयांचा भाव लागला होता. रजेगावजवळ बाघ नदी ओलांडून गोंदियाच्या हद्दीत गेलं की टाकी फुल करून घ्यायची, ही सवय त्यातूनच आली. जिथे माणूस लिटरमागे दोन-तीन रुपये वाचवायला एवढा विचार करतो, तिथे कोणता गिअरबॉक्स किती पितो याचा हिशेब ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही.

वडीलधाऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिला आधार आहे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेट नव्हती, तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर होता. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फिरवतो आणि ते तेल समोरचा पंखा फिरवतं. दोन्हींच्या वेगात फरक राहतो, तेवढी शक्ती तेल तापवण्यात जाते. त्यात गिअरही कमी. नव्वदच्या दशकात मारुती झेनची ऑटोमॅटिक आली, तिला तीनच गिअर होते. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की चौथा-पाचवा गिअर नसल्याने इंजिन चढ्या फेऱ्यांवर ओरडत राहायचं आणि पेट्रोल जायचं. ज्यांनी त्या गाड्या पाहिल्या किंवा मुंबई-नागपूरच्या नातेवाइकांकडून त्यांच्याबद्दल ऐकलं, त्यांचा अनुभव चुकीचा नव्हता.

मग यंत्र बदललं. आताच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वेग धरला की दोन्ही बाजू एकमेकांना घट्ट जोडणारा लॉक-अप क्लच असतो आणि गिअर सहा किंवा जास्त असतात. मारुतीची ब्रेझा २०२२ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा गिअरच्या गाडीचं जाहीर मायलेज २०.१५ किलोमीटर होतं आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचं १९.८०. फरक लिटरमागे अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी. याखेरीज पट्टा आणि कप्प्यांवर चालणारी सीव्हीटी आहे आणि दोन क्लचची डीसीटी आहे. या दोन्हींविषयी पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. लामत्यासारख्या गावातलं गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा ज्या ऑटोमॅटिकपाशी येऊन थांबतं ती चौथी, म्हणजे एएमटी. तिच्यावरच मी जास्त लिहिलं आहे.

एएमटी भारतातल्या छोट्या गाडीत पहिल्यांदा आली ती २०१४ च्या फेब्रुवारीत, मारुतीच्या सेलेरिओत. त्याच वर्षी टाटांनी झेस्टच्या डिझेल गाडीत ती दिली. ही वेगळ्या जातीची ऑटोमॅटिक नाही. गिअरबॉक्स तोच, क्लच प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी विजेवर चालणारा छोटा पंप, तेलाच्या दाबाने सरकणारे दांडे आणि त्यांना हुकूम देणारा संगणक बसवला आहे. गिअर बदलताना गाडी क्षणभर दम धरते आणि बसलेल्याची मान किंचित पुढे जाते, ती याचमुळे : क्लच सुटतो, गिअर पडतो, क्लच पुन्हा बसतो आणि तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही. तेलात शक्ती वाया जायचा प्रश्नच नाही. म्हणून "ऑटोमॅटिक पेट्रोल पिते" हे एएमटीला लागू पडत नाही.

शोरूमच्या कागदाकडे आता नीट बघू. स्विफ्टची २०२४ ची गाडी घ्या. गिअरची २४.८० आणि एएमटी २५.७५. वॅगन आरच्या एक लिटर इंजिनात २४.३५ आणि २५.१९. सेलेरिओत २०२१ पासून २५.२४ आणि २६.६८. यंत्र तेच असताना एएमटी पुढे का? हे आकडे रस्त्यावरचे नाहीत. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांत गाडी रोलरवर चढवून १,१८० सेकंदांची ठरावीक चाल चालवली जाते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. गिअरच्या गाडीत कोणत्या वेगाला कोणता गिअर टाकायचा हे त्या चाचणीत आधीच नेमून दिलेलं असतं. एएमटीचा संगणक मोकळा असतो. तो लवकर वरच्या गिअरवर जातो, इंजिनाच्या फेऱ्या कमी राहतात आणि आकडा वाढतो. म्हणजे तो जास्तीचा एक किलोमीटर गिअर कधी टाकला याचा आहे. तुमचा मुलगा चाळीसच्या वेगाला चौथ्या गिअरवर जाणारा असेल, तर गिअरच्या गाडीतूनही तो तेवढंच काढेल. तिसऱ्यावरच गाडी ताणणारा असेल तर एएमटी त्याच्यापेक्षा शहाणी ठरेल.

पण समजा, कागदावरचा फरक अगदी खरा आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर रनिंग धरू. लामता-बालाघाट अशी ये-जा आणि अधूनमधून गोंदिया-नागपूर करणाऱ्या घराचं साधारण तेवढं होतं. स्विफ्टच्या गिअरच्या गाडीला ४८४ लिटर लागतील, एएमटीला ४६६. वाचले १८ लिटर. ११० रुपयांच्या भावाने दोन हजारांच्या आत. एएमटीसाठी मोजलेली जास्तीची किंमत ४५ ते ५० हजार. केवळ पेट्रोलातून ती फेडायला पंचवीस वर्षं जातील, तेवढी गाडी टिकणारसुद्धा नाही. आणि बहुतेक गाड्या कर्जावर येतात. नऊ टक्के दराने ५० हजारांवरचं पहिल्या वर्षाचं व्याजच साडेचार हजार रुपये. पेट्रोलात वाचतात त्याच्या दुपटीहून जास्त रुपये हप्त्यातून निघून जातात. ब्रेझासारख्या गाडीत हे आणखी उघड दिसतं. तिथे ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त घेते ते वर्षाला दहा-अकरा लिटर, म्हणजे हजार-बाराशे रुपये. किमतीतला फरक मात्र २०२२ मध्ये दीड लाखाचा होता आणि त्यावरचं वर्षाचं व्याज तेरा हजारांच्या वर. शिवाय विमा गाडीच्या किमतीवर ठरतो आणि रोड टॅक्सही. गोंदियात पासिंग करणाऱ्याने हेही बघावं की महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत एक दर आहे आणि त्यापुढे एक टक्का जास्त. गिअरची गाडी साडेनऊ लाखांत बसत असेल आणि ऑटोमॅटिक दहाच्या पुढे जात असेल, तर तो वाढीव टक्का अख्ख्या किमतीवर लागतो.

म्हणून मायलेजच्या रकान्यावर डोळे रोखून बसलेल्या गिऱ्हाइकाला मी परत परत सांगतो की त्याचा पैसा त्या रकान्यातून जात नाही. तो किमतीतल्या फरकातून जातो, व्याजातून जातो, क्लचमधून जातो आणि वर्कशॉप किती लांब आहे त्यातून जातो. पेट्रोलातला खरा फरक चालवणाऱ्याचा पाय पाडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गाडी हाणली की तो दीडपटीहून जास्त होतो. टायरमध्ये हवा कमी, डिकीत कायमचं सामान, गावात उभ्या गाडीत एसी चालू : हे सगळं मिळून गिअरबॉक्सच्या वादापेक्षा जास्त पेट्रोल खातं.

रस्त्याचंही तसंच. लामत्याहून बालाघाटकडे निघालं की गावं, गतिरोधक आणि रस्त्यात बसलेली गुरं सोडली तर गाडी बराच वेळ वरच्या गिअरवर राहते. गिअर बदलण्याचे प्रसंग थोडे. अशा रस्त्यावर गिअरची आणि एएमटी यांच्यात पेट्रोलचा फरक शोधून सापडणार नाही. तीच गाडी घेऊन धाकटा भाऊ पुण्यात चांदणी चौकातून रोज ऑफिसला जात असेल, किंवा नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीतून दुकानाला, तर गोष्ट वेगळी. तिथे अर्ध्या तासात शंभर वेळा क्लच दाबावा लागतो. मायलेज दोन्ही गाड्यांचं पडतं, पण गिअरच्या गाडीत माणूस थकतो आणि थकलेला पाय क्लचवरच रेंगाळतो. तो हाफ क्लच प्लेट जाळतो. एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळ्या गाड्या योग्य असू शकतात. भावाने घेतली म्हणून आपणही घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाज गाडीच्या बाबतीत तरी मोडावा.

घाटाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. बालाघाटहून बैहरकडे, गांगुलपाऱ्याच्या बाजूने वर जाणारा रस्ता या जिल्ह्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरची परीक्षा घेतो. चढावर ट्रकच्या मागे गाडी थांबवावी लागली की गिअरचा ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो आणि सोडताना क्लच-अ‍ॅक्सिलरेटर जुळवतो. एएमटीत क्लचचा पायच नसल्याने काही जण अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तोलून धरतात. आत त्या वेळी क्लच प्लेट अर्धवट घासत असते, आणि हाफ क्लच लागला आहे हे पायाला कळतच नाही. वास आला की मगच कळतं. चढावर थांबायचं ते ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर, अ‍ॅक्सिलरेटरवर कधीच नाही. एएमटी घेणाऱ्याने एवढं एक शिकून घेतलं तरी क्लचचं आयुष्य वाढतं. लांब चढावर संगणकावर न सोडता प्लस-मायनसची बाजू वापरून दुसरा किंवा तिसरा गिअर स्वतः धरावा. नाहीतर तो वरचा गिअर टाकतो, जोर पुरत नाही, पुन्हा खाली येतो, आणि या खालीवरीत पेट्रोल आणि प्लेट दोन्ही जातं.

उताराचं त्याहून महत्त्वाचं. "उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं" हे मी अनुभवी ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलं आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यात थोडं तथ्य असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत ते साफ उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतरणारी चाकं इंजिन फिरवत राहतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला त्याला पुन्हा पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, आणि इंजिनाचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. घाटात माणसं यानेच मरतात. एएमटी असो की गिअरची, घाट उतरताना गाडी गिअरमध्येच हवी आणि तोही खालचा. पुस्तिकेतलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हा परिच्छेद घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला वाचून दाखवा.

देखभालीच्या खर्चात दोन्ही गाड्यांचं बरंचसं सारखंच आहे : ऑइल, फिल्टर, ब्रेक, टायर. फरक पडतो तो बिघाडाच्या वेळी. छोट्या गिअरच्या गाडीचं क्लचचं काम गावातला किंवा बालाघाटचा मिस्त्री सहा ते दहा हजारांत करून देतो. एएमटीतली प्लेट तीच असली तरी ती बदलल्यावर संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी स्कॅनर लागतो आणि तो वापरायची अक्कलही लागते. दांडे सरकवणारा तेलाचा संच बिघडला तर खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जातो. बॅटरी उतरली तर गिअरची गाडी चार जणांनी धक्का मारून चालू होते. बिनागिअरची होत नाही. टोचन करायचं तरी जपून करावं लागतं, क्रेन मिळाली तर उत्तम. म्हणून लामत्यातल्या माणसाने ऑटोमॅटिक घेताना मायलेजच्या आधी विचारावं : या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप बालाघाटला आहे का? तिथे स्कॅनर आहे का? एएमटीचं काम तिथेच होतं की गाडी गोंदिया-नागपूरला पाठवावी लागते? वॉरंटीत तेलाचा संच धरला आहे का, आणि वाढीव वॉरंटी किती वर्षांची मिळते? एएमटीवर वाढीव वॉरंटी घ्यावीच. त्यावर गेलेला पैसा मी खर्चात धरत नाही.

हे सगळं वाचून मी गिअरच्या गाडीचा कैवारी आहे असं वाटेल. लामत्यात राहणाऱ्या, फारसा शहरात न जाणाऱ्या आणि चालवण्याची सवय असलेल्या माणसाला मी गिअरचीच सुचवीन, हे खरं. पण गुडघे दुखणाऱ्या वडिलांना आठवड्यातून दोनदा बालाघाटला तपासणीसाठी जायचं असतं. गिअरच्या भीतीने ड्रायव्हिंग सोडून दिलेली सून एएमटीवर पंधरा दिवसांत हात बसवते आणि रात्री-अपरात्री सासूला दवाखान्यात स्वतः नेऊ शकते. या दोघांसाठी ५० हजार जास्त मोजणं मला मुळीच उधळपट्टी वाटत नाही. फक्त ते पैसे कशासाठी दिले हे स्पष्ट असावं. "मायलेज जास्त आहे म्हणून घेतली" असं स्वतःला सांगून घेतलेली एएमटी सहा महिन्यांनी मन खट्टू करते. "बाबांना क्लच दाबवत नाही म्हणून घेतली" असं म्हणून घेतलेली करत नाही.

पुढची प्रकरणं या क्रमाने आहेत : आधी चार प्रकारच्या ऑटोमॅटिकची यंत्रं, मग वापरलेली ऑटोमॅटिक घेताना काय तपासायचं, मग घाट आणि पावसाळा, आणि शेवटी घरच्या हिशेबाची कोरी पानं. त्या पानांसाठी मायलेज मोजायची रीत इथेच सांगून ठेवतो. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, त्यावर आणखी थेंबभरही घेऊ नका. मीटर लिहून ठेवा. निदान तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, तसंच आपोआप बंद होईपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले आता लागलेले लिटर. एका टाकीवरून काही ठरवू नका, चार टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा चढा असतो, तो शेजारी लिहून ठेवा म्हणजे तुमच्या गाडीचा डॅशबोर्ड किती वाढवून सांगतो तेही कळेल. पुस्तिकेतले सगळे हिशेब पेट्रोल ११० रुपये, व्याज नऊ टक्के आणि रनिंग वर्षाला १२,००० किलोमीटर धरून केले आहेत. भाव बदलेल, तुमचं रनिंगही वेगळं असेल. प्रत्येक तक्त्याशेजारी एक रकाना रिकामा सोडला आहे, त्यात तुमच्या पंपाचा भाव आणि तुमचे किलोमीटर पेन्सिलने भरा.